मौनाची मुदत

‘एक शब्द गिळला, घरी दिवा लागला, एक शब्द सांडला, गाव सारा जागला.’ वेणी घालता घालता आई हे गुणगुणायची, आणि शेवटच्या पेडाला असा हिसका द्यायची की पोरीच्या ओठांवर आलेलं पोटात जायचं.

त्या पोरीला पुढे पोटापाण्याचं कामही गप्प राहण्याचंच मिळालं. एकेचाळीस देशांच्या शांतता मंडळात ती नोंदणी अधिकारी झाली, सगळ्यांची ताई. तिथे मतदान नाही. जे करायचं ते सगळ्यांच्या होकाराने. मसुदा सगळ्यांकडे पाठवायचा, वेळ ठरवून द्यायची. तोवर लेखी हरकत आली नाही तर मौन हीच संमती, ठराव मंजूर. हरकत आलीच तर ती ताईंच्या टेबलावर. कागद घ्यायचा, वेळेचा शिक्का मारायचा, आणि आतलं अक्षर बाहेर काढायचं नाही.

आज मौनाची मुदत बारापर्यंत होती. शस्त्रसंधी रेषेवर, दोन फौजांच्या मधोमध, साठ निरीक्षक पांढऱ्या गाड्यांतून फिरत. ठराव झाला तर त्यांची मुदत सहा महिन्यांनी वाढणार, नाही तर ते संध्याकाळी सहाला निघणार. त्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. रेषेवरच्या शहरातच त्याचं गॅरेज, घर, बायको, दोन मुली. निरीक्षक होते म्हणून समोरच्या डोंगरावरच्या तोफा गप्प होत्या.

म्हातारे भाषांतरकार मास्तर चहाचा कप घेऊन टेबलाशी उभे होते. नजर घड्याळावर.

“चाळीस देश राजी आहेत,” ताई म्हणाल्या.

“आपल्याकडे एकमत म्हणजे एकाचं मत, बाई. चाळीस जण पानावर बसलेत, पण पातेल्याचं झाकण एकाच्याच हातात.”

“दरवेळी शेवटच्या घटकेला वाकतात.”

“दरवेळी वाकणारं लाकूड एक दिवस मोडतं.”

अकरा बावन्नला दार उघडलं. एका शिष्टमंडळाचा माणूस आला, लिफाफा ठेवला, पोच घेतली, गेला. ताईंनी वाचलं आणि भाषांतरासाठी मास्तरांपुढे सरकवलं. चौथ्या परिच्छेदात ‘शहर’ शब्दाला हरकत; तिथे ‘वादग्रस्त वस्ती’ लिहावं.

“एका शब्दापायी?” मास्तरांनी कप खाली ठेवला. “मग बदला की.”

“बदलला तर रेषेपलीकडचे हरकत घेतील. तसं त्यांनी आधीच कळवलंय.”

“म्हणजे तुला ना मला, घाल कुत्र्याला.” मास्तर स्वतःच्याच बोलण्यावर ओशाळले. “अध्यक्ष सोमवारी बैठक लावतील.”

“सोमवारी तिथे कोण असेल?”

मास्तर कप उचलून गेले. ताईंनी शिक्का मारला. हात सरावाचा, शिक्का सरळ उमटला.

एकवीस दिवसांपूर्वीही याच टेबलावर याच शिष्टमंडळाचं गोपनीय पत्र आलं होतं: यंदा हरकत घेणार, माघार नाही. त्याच दुपारी धाकट्याचा फोन आला.

“ताई, गुरुवारी इथून शेवटची बस आहे. चार जागा धरून ठेवल्यात. तुला आतलं सांगता येत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून असं करतो, मी म्हणतो आम्ही इथेच राहतो. तुझी हरकत असेल तर बोल.”

पत्र तळहाताखाली होतं. घेतलेली शपथ होती, तीस वर्षांची नोकरी होती, आणि वाकतील ही वेडी आशाही होती. ताई बोलल्या नाहीत. वाटलं, या गप्पपणातून तो ओळखेल.

तो हसला होता. “गप्प म्हणजे मंजूर. तुमचाच नियम. घाबरवलंस उगीच.” आणि फोन ठेवला होता.

गुरुवार आला, बस गेली. उद्या सांगू, परवा सांगू करत दिवस गेले, जसं ओंजळीतलं पाणी जातं, हलवलं नाही तरी.

बारा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

“ताई, झालं ना? इथे साहेब लोक पेट्या भरतायत. मी म्हटलं, बहीण आहे माझी तिथे, काळजी नको.”

“रस्ता कसा आहे?” ताईंनी विचारलं.

“कुठला रस्ता? बाहेर जायचा पूल सकाळीच बंद केला फौजेने. पण मुदत वाढली की उघडतील. धाकटी विचारतेय, आत्या काय म्हणते.”

पलीकडे कुणीतरी लोखंडी पत्रा ओढत होतं. क्षण लांबला, आणि धाकट्याच्या आवाजात पुन्हा तेच हसू उमटू लागलं.

“बरं, गप्प आहेस, म्हणजे—”

“नाही,” ताई म्हणाल्या. “थांब, ऐक. मुदत वाढलेली नाही. वाढणार नाही हे मला तू बसचं विचारलंस त्याच दिवशी माहीत होतं. कागद माझ्या हाताखाली होता, आणि मी बोलले नाही.”