पाणी पेटतं, पण फुकट नाही

मी बाभुळगावच्या सरदारच्या दुकानातली रेक्झीन चिकटवायची मशीन बोलतेय. अंगाने कपाटाएवढी, स्वभावाने तापट.

जन्मभर मी मोटारसायकलींची सीटकव्हरं चिकटवली. माझ्या दोन पितळी पट्ट्यांमधून रेडिओच्या लहरी जातात; ना जाळ, ना धूर, रेक्झीन आतूनच तापतं. सरदारला याचा भारी अभिमान. इतका, की घसा बसला की गुळण्यांचं मीठपाणीसुद्धा तो गॅसवर न ठेवता काचेच्या शिशीत भरून माझ्या पट्ट्यांमध्ये ठेवायचा. त्याची बायको सुग्राबी कपाळाला हात लावायची.

गेल्या वर्षी त्याच्या हातून मीठ जरा जास्तच पडलं. शिशीच्या तोंडाशी ठिणगी उडाली आणि पाण्यावर पिवळी ज्योत उभी राहिली. लहरींनी पाणी फोडून वायू सोडला होता, तोच जळत होता. सुग्राबीला हाक मारताना सरदारचा बसलेला घसा एकदम मोकळा झाला.

मग काय, जिल्हाभर बोभाटा. मुकुटबनचा मारोतराव, इंजिनं विकणारा, तो धावतच आला. त्याला पाण्यावर चालणारं इंजिन विकायचं होतं, आणि झरी जामणीकडचे शेतकरी त्याने नावं नोंदवायला बोलावलेसुद्धा. सरदारची मुलगी नाहिद बीएस्सीला आहे. तिने विजेचं मीटर वाचलं, ज्योतीवर भांडंभर पाणी तापवून पाहिलं आणि बापाला सांगितलं, मशीन जेवढी वीज खाते त्याच्या निम्मीही परत देत नाही. मारोतराव हसला. मशीनची विजेची वायर सतरंजीखाली दडवा म्हणाला, बाकी तुमच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

माझं टाळकंच सरकलं. मी पाणी पेटवलं होतं, ते काय कमी होतं?

नावनोंदणीच्या दिवशी शेतकऱ्यांपुढे ज्योत पेटली, टाळ्या पडल्या. सरदारने सगळ्यांसमोर सतरंजी उचलली आणि वायर वर धरली.

"पाणी जयते, पेटते हे खरं हाये," तो म्हणाला. "पण ते पेटवाले माही मशीन त्याहून जास्त वीज खाते. फुकट काहीच नाही. नावं लिहू नोका."

खेमसिंग नावाचा म्हातारा उठला आणि आधी लिहिलेलं नाव त्याने खोडून घेतलं. मग रांगच लागली.

आता मारोतराव सांगत फिरतो, सरदारची मशीन बोगस निघाली. गिऱ्हाइकं कमी झाली, माझ्यावर धूळ बसते. बसू दे. तुम्हाला शंका असेल तर खुशाल या. मीठपाणी तुमचं आणा, माझी वायर उघडी ठेवून पेटवा. मी हरले नाही. माझ्या जिवावर कुणाला फसवू दिलं नाही, एवढंच.