दुसरी गोलकीपर

मी व्यावसायिक फुटबॉलपटू आहे, म्हणजे मला बसण्याचा पगार मिळतो. दुसऱ्या गोलकीपरचं काम सोपं असतं. पहिलीला काहीतरी होण्याची वाट पाहायची आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. आमच्या पहिलीला सगळ्या 'भिंत' म्हणतात. मला 'कोट', कारण बाकावरचा तो जाड कोट माझ्या अंगावरून उतरलेला कुणी पाहिलेला नाही. आम्ही दोघी क्लबच्या एकाच फ्लॅटमध्ये राहतो. ती इतकी चांगली आहे, की तिचा धड रागही करता येत नाही.

मोसमातल्या शेवटच्या सामन्याला राष्ट्रीय निवड समितीच्या बाई येणार होत्या. शिबिरासाठी त्यांना गोलकीपर हव्या होत्या. आणि आदल्या दिवशीच भिंत तापाने फणफणली. मला फार वाईट वाटलं. मी बाथरूमचं दार लावून आरशासमोर नाचले.

"उद्या तू," कोच मॅडम म्हणाल्या. मी लगेच आईला फोन केला, "मी खेळतेय, ये!"

घोळ इथेच झाला. आई जन्मभर नर्स होती. निवृत्त झाल्यापासून तिचे हात शिवशिवतात, आणि घरात कुणी शिंकतसुद्धा नाही म्हणून ती खट्टू असते. संध्याकाळी ती आली, दारातच मला मिठी मारली आणि एकदम थबकली. आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला होता.

"कोण गं आजारी?"

"कुणी नाही."

"असं कसं कुणी नाही? थर्मामीटर कुठाय?"

मग काय, आईचं राज्य सुरू झालं. ओल्या फडक्याने अंग पुसणं, गरम सूप, औषध आणि पाणी पीत नाही म्हणून दरडावणं. भिंत 'काकू, काकू' करत सगळं निमूट ऐकत होती.

"आई, तिला दोन-तीन दिवस तरी विश्रांती हवी," मी सुचवून पाहिलं.

"छे! उद्या सकाळी टुणटुणीत होते की नाही बघ." मला धीर देत होती बिचारी.

सकाळी उठले तर भिंत स्वयंपाकघरात चेंडू झेलत होती. क्लबच्या डॉक्टरांनीही तिला तपासून हिरवा कंदील दाखवला. मी हातमोजे परत पिशवीत टाकले, तेव्हा कुठे आईचा चेहरा उतरला.

"अगं, तू हिच्या जागी खेळणार होतीस? मला वाटलं, दोघी खेळता."

"गोल एकच असतो, आई."

सामन्यात भिंतीने पेनल्टी अडवली आणि प्रेक्षकांत सगळ्यात जोरात आई ओरडली. उत्तरार्धात मात्र भिंत कोसळली ती घोटा धरूनच. मी कोट काढला. संघाची फिजिओ पेटीत पट्टी शोधत होती, तेवढ्यात आई कठडा ओलांडून मैदानात!

"आई, खाली बस!" मी बोंबलले. गर्दी बेताचीच होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. फक्त तिलाच नाही.

तिने घोटा चाचपला आणि वर पाहिलं. कोट काढून उभी असलेली मी तिला दिसले. तिचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. पट्टी बांधून झाल्यावर ती कोच मॅडमना म्हणाली, "मुरगळलेला नाही. खेळेल ती." मला तिचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की मी कोट उलटा घातला.

सामना संपल्यावर निवड समितीच्या बाई खाली आल्या. भिंतीशी हात मिळवला, माझ्या समोरून पुढे गेल्या आणि आईसमोर थांबल्या. त्यांच्या शिबिराला नर्स हवी होती.

तर राष्ट्रीय शिबिराला आमच्या फ्लॅटमधून भिंत गेली आणि आमच्या घरातून आई. मी रोज एकटीच सराव करते. परवा आईचा फोन आला.

"इथल्या एका गोलकीपरचं मनगट सुजलं होतं गं. तिच्या जागी तुला बोलवायचं म्हणत होते."

मी हातमोजे उचलले. "होते म्हणजे?"

मग आई हळूच म्हणाली, "उतरली गं सूज."