गाऊनच्या काठातली चिंधी

देवावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. आई शेवटची आजारी होती, तेव्हा देवापुढे ठेवून आणलेली एक चिंधी तिच्या उशाशी असायची. बोटभर लांब, पिवळी पडलेली. प्रार्थना तर घरात उठता-बसता चालायची. तरी आई गेली. तेव्हापासून मी हात जोडत नाही. इस्पितळाच्या शिवणखोलीत मी पेशंटचे गाऊन शिवते, हात मशीनवर असतात, तेच बरे. माझी टीप सुटली असं कोणी दाखवून द्यावं!

धाकटी बहीण मात्र आईवर गेलीय. तिच्या पोटात गाठ निघाली, आमच्याच इस्पितळात ऑपरेशन ठरलं, तर बाईसाहेबांनी पहिलं काय विचारावं? "ताई, आईची चिंधी आत नेऊ देतील ना गं?"

नाही देत. अंगठी नाही, दोरा नाही, ताईत नाही. आत जाताना अंगावर फक्त गाऊन. ते ऐकून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. "मग मी नाही जाणार."

डॉक्टरांनी समजावलं, तिच्या नवऱ्याने अक्षरशः हातापाया पडून पाहिलं. ढिम्म! आणि गाठ काय हिच्यासाठी थांबणार होती? शेवटी माझं डोकंच फिरलं. "आईला वाचवलं का गं त्या चिंधीने? काय केलं तिने?" ती नुसती रडली. मग मलाच मेलीला कसंतरी झालं.

मी चिंधी घेऊन खाली शिवणखोलीत आले. एका नव्या गाऊनच्या खालच्या काठात, डाव्या कोपऱ्यात ती घातली आणि दुहेरी टीप मारली. गाऊन धुलाईला गेला, त्याच्याबरोबर तीही उकळून निघाली. म्हणजे कोणाला बोलायला जागा नाही. धाकटीच्या कानात सांगितलं, तर तिने माझा हात गालाला लावला. "आता जाते," म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी तो गाऊन मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. धाकटीची खाट दाराशी, गाऊन वाटप तिथूनच सुरू होतं. कोणाला सांगायची तर सोय नव्हती. जरा वेळाने वॉर्डात गेले, तर ही पांढरीफटक. गाऊनचा काठ बोटांनी चाचपत बसलेली.

"ताई, यात नाहीये गं."

मी वॉर्डातल्या मावशींना गाठलं. गाऊन वाटायचं काम त्यांचं. "वरचा गाऊन कुठाय?"

"तो नवा होय? वर दिसला, मी खाली घातला. तुम्हीच ना माझं डोकं खाता, जुना आधी वापरा, नवा खाली म्हणून!"

कपाळ माझं! इतकी वर्षं ओरडून ओरडून लावलेली शिस्त, ती नेमकी आज पाळली.

खालचा गाऊन शेवटच्या खाटेवर गेला होता. तिथे एक आजी होत्या, भारी खाष्ट. चहा गार, पंखा जोरात, उशी टणक. भेटायला कोणी यायचं नाही. त्यांचंही ऑपरेशन आजच होतं. मी खिशातली कात्री हातात धरूनच गेले.

"आजी, गाऊन उसवलाय वाटतं. बदलून देते."

"काही उसवलेला नाही." त्यांनी काठाचा कोपरा मुठीत घट्ट धरला होता. "हात लावून बघ. आत काहीतरी शिवलंय. माझी आई असंच करायची, जपायचं काही असलं की काठात शिवून टाकायची. कोणी शिवलं कोण जाणे. पण कोणीतरी माझ्यासाठी देवाला सांगितलंय गं बाई." मग दुसरा हात पुढे केला. "सकाळपासून लटलट कापत होता. आता बघ."

हात स्थिर होता. मला फक्त टाके कापायचे होते. नाही जमलं.

"टीप पक्की आहे, आजी," मी म्हणाले. "सुटायची नाही."

रिकाम्या हाताने परत आले आणि धाकटीला सगळं सांगून टाकलं. तिने मान वळवून त्या खाटेकडे पाहिलं.

"त्यांना भीती वाटत नाहीये?"

"आता नाही वाटत."

"आईलाही नव्हती वाटली. काय केलं चिंधीने, विचारत होतीस ना? हे केलं." मग माझ्याकडे वळली. "मला वाटतेय पण, ताई."

स्ट्रेचर दाराशी येऊन उभं राहिलं. माझ्याकडे द्यायला काही म्हणजे काही नव्हतं. तिच्या गाऊनचा काठ, माझ्याच हातची टीप, तिच्या मुठीत दिली. वरून माझी मूठ धरली आणि आईची प्रार्थना म्हणायला लागले. मध्येच अडखळले. पुढचा शब्द धाकटीने दिला.

"ताई, भांडल्यासारखी काय म्हणतेस?"

"भांडतेच आहे. ऐकू तरी जाईल त्याला."

ती खुदकन हसली. हसतच आत गेली.

बाहेरच्या बाकावर मी तेच पुन्हा पुन्हा म्हणत बसले. आधी एकीसाठी, मग दोघींसाठी.

दोघीही बाहेर आल्या. धाकटी गुंगीतही गाऊनचा कोपरा सोडेना, तेव्हा नर्सबाईंनी तो कात्रीने कापून तिच्या मुठीत राहू दिला. एरवी कोणी माझ्या गाऊनला कात्री लावली असती, तर मी इस्पितळ डोक्यावर घेतलं असतं. त्या तुकड्याच्या कडा मीच दुमडून शिवून दिल्या. तो आता तिच्या उशाखाली असतो.

आजी चहा गार आहे म्हणून ओरडल्या, तेव्हा सगळ्या वॉर्डाने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यांचा गाऊन धुऊन माझ्याकडे आला. काठ चाचपला, चिंधी जागच्या जागी होती. धाकटीला विचारलं, काढू का? म्हणाली, "राहू दे गं. फिरू दे."

मी गाऊनची घडी घातली, कोपऱ्यावर क्षणभर हात ठेवला, आणि आईची प्रार्थना म्हणाले. या वेळी न भांडता. मग तो गठ्ठ्यात ठेवला. आता तो काही नवा नव्हता. म्हणून सगळ्यात वर.