होणाऱ्या विहीणबाई, सफरचंदं आणि माझी कल्हई

मित्रांनो, मी पितळेची पातेली. जुनी आहे, ते मीच सांगते. पण भंगार म्हणाल तर खबरदार! माझा जन्म पुण्याच्या कसबा पेठेतला, तांबट आळीतला. तिथे मला इतकं ठोकलं की अंगभर चंद्र उमटले. मग आतून कथलाचा पांढरा मुलामा दिला. ती कल्हई. ती नसेल तर पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हिरवट-कडू होतो, पोटाला बाधतो. बूड माझं पसरट आणि जाड. दिसायला ठेंगणी, पण बैठक पक्की.

इंदुबाई विदर्भातून नवऱ्यामागे पुण्यात आली, तेव्हा तिने मला घेतलं. नागोरावांना खडकीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. इंदुबाई शाळेत गेली असेल नसेल, पण दुकानदाराला तिने मला पालथी करून पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. माझ्यात रोजचं वरण शिजलं, विहारातल्या कार्यक्रमांची खीर शिजली. "इंदुबाईची खीर कधी खाली लागत नाही," असं बायका म्हणायच्या. कौतुक तिचं, बूड माझं. असो.

पुढे दिवस पालटले. बाजारात देशोदेशीचा माल आला. घरात नॉनस्टिक आलं, मायक्रोवेव्ह आला. गल्लीतली कल्हईवाल्याची हाक बंद झाली. माझी कल्हई उडाली आणि आतून पिवळे डाग दिसू लागले. धाकटा राकेश हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला, वाघोलीला फ्लॅट झाला आणि मी गेले माळ्यावर, त्याच्या संगणकाच्या रिकाम्या खोक्यात. माझ्यात कोळ्यांनी संसार थाटले. एवढी वर्षं लोकांना जेवू घातलं, त्याचं हे बक्षीस!

मग कंपनीने राकेशला जर्मनीला पाठवलं. तिथे बरोबर काम करणारी आमिना त्याला आवडली, त्यालाही तिने पसंत केलं. ती बोस्निया देशाची. तिची आई मुनीरा साराजेव्होत राहते. आई म्हणाली, "आधी त्यांचं घर बघेन. मग हो की नाही ते सांगेन."

हे ऐकून नागोराव हबकले. इंदुबाई मात्र खूश झाली. "बरोबर आहे त्या बाईचं. मी तरी न बघता पोरगी दिली असती का? येऊ दे."

"आई, नाही म्हणाली तर?" राकेशने फोनवर विचारलं.

"तर तुझ्या तोंडाकडे बघून म्हणेल. माझ्या स्वैपाकाकडे बघून नाही म्हणायची."

मग तिने आमिनालाच फोनवर बोलावलं, राकेशला मध्ये घातलं आणि विचारून घेतलं, तुझ्या आईला गोडाचं काय आवडतं? उत्तर आलं, तुफाहिया. अख्खं सफरचंद सोलायचं, बिया कोरून काढायच्या, लिंबू पिळलेल्या साखरेच्या पाण्यात मऊ करायचं, पोटात अक्रोड भरायचे, वर फेटलेली साय.

"आई, डेअरीतून श्रीखंड आणू या की," थोरली सून नंदा म्हणाली.

"पाहुणी माझं घर बघायला येतेय, डेअरी नाही."

पहिल्या दिवशी सफरचंदं कुकरमध्ये गेली. माळ्यावर मला शिट्टी ऐकू आली आणि मी कपाळाला हात लावला. म्हणजे, हात असता तर लावला असता. झाकण उघडलं तर आत नुसता गाळ. "जाम चांगला झालाय," नागोराव म्हणाले. "अवो, तुम्ही पेपर वाचा," इंदुबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्टीलचं पातेलं घेतलं. पातळ बुडाचा पाक करपला, सफरचंदं आडवी पडून फुटली. पाहुणी रविवारी यायची होती.

"नंदा, माळ्यावरची पातेली काढ."

"ती मोडीत द्यायचं ठरलंय ना, आई?"

"कोणी ठरवलं? मी मेले होते का तेव्हा?"

नागोराव म्हणाले, चिंच लावून घासली की झालं. तशी इंदुबाई उसळली. "चिंचेने बाहेरून चमकेल. आत लिंबू पडणार आहे. विहिणीला कळकलेलं खाऊ घालू का?"

भर उन्हात मला मांडीवर घेऊन ती बसने कसब्यात आली. कल्हईवाला कामात बुडालेला. म्हणाला, "आजी, पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात पोराचं लग्न मोडलेलं असेल. मी इथे पायरीवर बसते. तुला अडचण होईल तेव्हा सांग."

"अडचण आत्ताच होतेय, आजी."

"मग आत्ताच घे हातात."

त्याने घेतलं. मला निखाऱ्यांवर लालबुंद केलं, नवसागर टाकला, धुराचा लोट उठला. कथलाचा ठिपका कापसाने फिरवला आणि मी आतून पुन्हा लख्ख उजळले. मित्रांनो, चटका बसला. पण माळ्यावरच्या थंडाव्यापेक्षा तो चटका मला गोड लागला.

परतताना ती मंडईत थांबली. "लाल नको. बोट रुततं ते नको. आंबट, टणक दे."

"ते कोणी नेत नाही, आजी."

"म्हणूनच तुझ्याकडे असणार."

शनिवारी माझ्यात मंद आचेवर पाक चढला. सोललेली सफरचंदं माझ्या पसरट बुडावर शेजारी शेजारी उभी राहिली. इंदुबाई हलली नाही. पळीने पाक वर सोडत राहिली, हळूच फिरवत राहिली आणि आतला गर जरा कडक असतानाच तिने ती उचलली. एकही फुटलं नाही. अक्रोड जाडसर कुटून साखर-सायीत कालवले आणि त्यात वेलदोडा टाकला.

"आमिनाने वेलदोडा सांगितला नव्हता," नंदा म्हणाली.

"तिला सांगायचं ते तिने सांगितलं. मला घालायचा तो मी घातला."

रविवारी राकेश आणि आमिनाबरोबर मुनीराबाई आल्या. उंच, ताठ, हसणं जपून वापरणाऱ्या. घर बघितलं, माणसं बघितली, खिडकीतून खालचा रस्ताही बघितला. मग बशी पुढे आली. त्यांनी चमचा घातला, एक घास खाल्ला आणि काहीतरी विचारलं. आमिनाने राकेशला सांगितलं, राकेशने चाचरत आईला सांगितलं, "आतला वास कसला, विचारतायत. त्यांच्याकडे असं घालत नाहीत."

"वेलदोडा म्हणावं. आमच्या गोडात असतोच. पोरगी इथे नांदणार, तर तिला थोडं इथलंही रुचायला हवं. तिच्या देशाचं मी शिकले की नाही?"

"आई, असं सांगू?"

"जसंच्या तसं सांग."

सांगितलं. राकेशचा चेहरा त्या सफरचंदासारखा पांढरा पडला. मुनीराबाईंनी बशी शेवटपर्यंत निपटली, उठल्या आणि थेट स्वैपाकघरात माझ्यापाशी आल्या. आत बोट फिरवलं, बुडावर टिचकी मारली. मग इंदुबाईकडे वळून बोलल्या. राकेश दारात उभा होता. त्याने आमिनाला ते दोनदा विचारून घेतलं.

"बोल की, गाढवा!"

"विचारतायत, लग्नाला माणसं किती? म्हणे, पातेली छान आहे, पण लहान पडेल."

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला कोणी लहान म्हटलं नव्हतं. आणि म्हटल्याचा इतका आनंदही कधी झाला नव्हता.

तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखी कोणी पडली असेल. तिला खाली काढा. पण शोकेसमध्ये मांडू नका, तिच्यात मनीप्लांट तर मुळीच लावू नका. आधी कल्हई करा आणि आचेवर चढवा. आम्हाला पुसून ठेवणं ही काळजी नव्हे. आमच्याकडून काम घेणं, ही काळजी.

चला, व्हा बाजूला. दोघी विहिणी तांबट आळीत माझी थोरली बहीण बघायला निघाल्या आहेत, आणि मापाला मला सोबत नेतायत.