भूगोलाच्या बाईंचा चौथा तास

शिक्षक समाधानी असेल तरच शाळा घडते, असे मुख्याध्यापकांनी सभेत गंभीरपणे सांगितले आणि सभेनंतरचा चहा या महिन्यापासून बंद केल्याचेही त्याच सुरात सांगून टाकले. मग पाहणीचे कागद वाटले. नाव लिहायचे नव्हते. फक्त विषय आणि नोकरीची वर्षे.

शाळेत भूगोलाला एकच बाई होत्या. नोकरीची वर्षे एकवीस. ‘शाळेत सर्वाधिक समाधान कशातून मिळते?’ यापुढे त्यांनी लिहिले : चौथ्या, मोकळ्या तासातून. त्या तासाला त्या मागच्या गल्लीतल्या घरी जात, अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवत, तिची कूस बदलत आणि पाचव्या तासाला वर्गात नकाशा टांगत.

“खरं लिहिलंत?” गणिताचे सर म्हणाले. “अहो बाई, तिथे ‘मुलांचे हसरे चेहरे’ लिहितात. आम्ही गणिताच्या सहाही जणांनी तेच लिहिलंय.”

“विचारलं म्हणून सांगितलं.”

“एकवीस वर्षं झाली, अजून विचारलं की सांगता?”

सोमवारी नवे वेळापत्रक लागले. चौथा तास : आठवी ब, मूल्यशिक्षण, भूगोलाच्या बाई. मोकळा तास पहिला.

“सर, आई माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही हो.”

“पाहणीतूनच कळलं आम्हाला,” मुख्याध्यापक मायेने म्हणाले. “तुमचं समाधान शाळेबाहेर जातंय, बाई. ते वर्गात आणायचं, एवढंच.”

“पहिल्या तासाला ती झोपलेली असते.”

“मग उठवा.”

शेजारच्या काकू भरवायला जाऊ लागल्या. आई तोंड घट्ट मिटून घ्यायची. काकू तासभर वाटी धरून बसायच्या आणि झाकून ठेवून परत यायच्या. बाई शाळा सुटल्यावर धावत जाऊन भरवायच्या, तेव्हा दोन घासांत आई थकायची. पाचव्या आठवड्यात, चौथ्या तासाला, ती गेली. बाई त्या वेळी ‘वडीलधाऱ्यांची सेवा’ या पाठाखालचे प्रश्न सोडवून घेत होत्या.

“बाई, उत्तर किती ओळींचं लिहू?”

“चार.”

मुख्याध्यापक घरी भेटायला आले. बसले नाहीत. “चौथा तास परत मोकळा केलाय तुम्हाला,” ते म्हणाले. “शेवटी आपण माणसं सांभाळतो.”

बाई हजर झाल्या त्या दिवशी संगीताचे सर रजेवर होते. चौथ्या तासाला बाईंना सहावी अ वर पाठवण्यात आले.