कामगार प्रतिनिधी

दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तपासणीला हॉलंडहून बाई आल्या होत्या. कामगारांना नीट वागवतात की नाही, हे पाहिल्याशिवाय तिकडची दुकानं माल घेत नाहीत. दुभाषी म्हणून एजन्सीने नाशिकहून तृप्तीला पाठवलं होतं. तिचा बाप पुंजा इथेच पेट्या उचलायचा, हे तिने एजन्सीला सांगितलं नव्हतं. बा दिवाळीआधी वारला. त्यानंतर तिला मिळालेलं हे पहिलंच काम.

पहिलीच मुलाखत हरसूलकडच्या भागीबाईची. तिने तृप्तीला ओळखलं, पण नुसतं डोळ्यांनी.

"रोज किती तास काम असतं?" तृप्तीने विचारलं.

"कमिटी हाय. दर महिन्याला बसते."

बायांकडून घोकून घेतलेली उत्तरं एका घराने पुढे सरकली होती; तासांच्या प्रश्नाला कमिटीचं उत्तर आलं होतं. बाईंनी मात्र कमिटीचीच वही उघडली. कामगार प्रतिनिधी: पुंजा. खाली गेल्या आठवड्यातली झोकदार सही. बापाला ती दोन अक्षरं काढताना घाम फुटायचा.

यांना भेटता येईल का, बाईंनी विचारलं. तृप्तीने प्रश्न मराठीत केला.

"गावाला गेलाय," भागीबाई म्हणाली. मग हळूच, "तसंच सांग बाय. माल अडला तर चाळीस बाया घरी बसतील. तुझ्या बापानं आमच्यापायी तोंड उघडलं, तवा पंधरा दिस बसलोच व्हतो."

"मग मी काय करू, मावशी?"

"मला इचारतीस? शिकलीस कशाला मंग?"

तृप्तीने बाईंना इंग्रजीत खरं ते सांगितलं. तो वारला. तो माझा बाप होता.

बाईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण तपासणीत कामगाराच्या नात्यातला दुभाषी चालत नाही, आणि संध्याकाळी त्यांचं विमान होतं. इंग्रजी येणारा दुसरा कोण? मुलाखतीत वरचं कुणी नको, या नियमाने सकाळपासून बाहेर ठेवलेला सुपरवायझर किशोर आत जाऊन तृप्तीच्या खुर्चीत बसला. ती दाराबाहेर उभी राहिली.

"पुंजा दोन होते, मॅडम. वारला तो दुसरा," किशोर इंग्रजीत म्हणाला. मग मराठीत, "काय गं भागीबाई, दोन होते ना?"



"एकच व्हता," भागीबाई म्हणाली. "अन् तो मेला."

किशोरने त्याचं इंग्रजी केलं: हो म्हणते, दोन होते.

तृप्तीने दार ढकललं.