वाऱ्याकडे की प्रवाहाकडे

समुद्रात पडलेलं काय कुठे जाईल हे सांगायचं, हीच ताईची नोकरी. बंदराच्या टोकाला बचाव केंद्राची बसकी इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, खोलीत भलंमोठं टेबल, त्यावर पसरलेला नकाशा, भिंतीला वायरलेस आणि कोपऱ्यात चहाचे डाग पडलेली किटली. हिशेब संगणक करायचा, पण ताईचा हात पेन्सिलीशिवाय चालत नसे. कुठल्या नावेत पाणी शिरलं, कुणी लाटेबरोबर गेलं, की वारा आणि प्रवाह यांचा मेळ घालून ती नकाशावर चौकोन आखायची आणि शोधणारं जहाज त्या चौकोनात जायचं. बरेचदा माणसं सापडायची. कधी नाही सापडायची.

घरात या नोकरीची भरपूर थट्टा व्हायची. तिचा धाकटा भाऊ मासेमारीच्या नावेवर इंजिन सांभाळायचा. लहानपणी तोंडाने इंजिनाचा आवाज काढत तो अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा, म्हणून त्याला सगळे फटफट्या म्हणत. लग्न झालं तरी ते नाव काही सुटलं नाही. चपलेचा एक पाय सापडेना, की तो ओरडायचा, “ताई, चप्पल वाहून गेली गं! चौकोन काढ!”

“चौकोन कशाला? तुझ्या चपलेच्या वासाने मासे मरून पडले असतील, त्या रांगेने जा,” ताई म्हणायची.

आई दोघांवर डाफरायची, शेजारणीपाशी मात्र कौतुकाने सांगायची, “एकाने समुद्रात जायचं, दुसरीने शोधायचं. जोडी बरी पडलीय माझ्या पदरात.”

भावजय आतल्या मुलखातली. समुद्र म्हणजे मोठं तळं, असंच ती समजून आली होती. लाटा हलतात आणि पाणी जागच्या जागी राहतं. ताईने तिला एकदा भाजी निवडता निवडता समजावलं, की आपल्या किनाऱ्याला लागून वाहते ती एक नदीच आहे, काठ नसलेली. बर्फाच्या मुलखातून निघते, म्हणून भर उन्हाळ्यातही पाय बधिर करते. भावजय हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, “अगं बाई! म्हणजे आपल्या दारावरून रोज परकंच पाणी जातं, वन्सं?” फटफट्याची हसता हसता पुरेवाट झाली होती.

वादळ अंदाजापेक्षा आधी आलं. ताई सकाळच्या पाळीला पोचली तेव्हा खिडकीच्या काचा थडथडत होत्या आणि वायरलेसवाला कानाला यंत्र दाबून बसला होता. साहेब त्याच्या खांद्यामागे उभे. खरखरीतून तुटक तुटक आवाज आला. “नाव गेली... हवेच्या तराफ्यात आम्ही चौघं... इंजिनवाला न् जाळीवाला पाण्यात राहिले... जॅकेटं आहेत त्यांच्या अंगात... दोर तुटला, आम्हाला वारा ओढतोय... तराफ्याची एक बाजू बसत चाललीय, ऐकू येतंय का...” मग नुसती खरखर.

वायरलेसवाल्याने नावेचं नाव कागदावर लिहिलं आणि मान वर न करता कागद टेबलावर सरकवला. ताईने ते वाचलं. तिने पदर खोचला, खुर्ची ओढली आणि बसली. त्या नावेवर इंजिनवाला एकच होता.

साहेबांना ठाऊक होतं. बंदरात कोण कुणाचं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते म्हणाले, “बाई, उठा तुम्ही. दुसऱ्या कुणाला बोलावतो.”

“दुसरं कोण आहे साहेब? येईपर्यंत दुपार होईल.”

“मग निदान मी शेजारी बसतो.”

“बसा. पण बोलू नका.”

हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात उठणार नव्हतं. जवळपास जहाज एकच होतं. दुसरं निघालं होतं, पण ते यायला संध्याकाळ होणार होती. ताईने नाव बुडाल्याची जागा नकाशावर टोचली आणि हिशेबाला लागली. हिशेब अवघड नव्हता, तिने तो आजवर किती वेळा केला होता. तराफा पाण्यावर तरंगतो आणि त्याच्यावर तंबूसारखं छत असतं. वारा त्या छताला शिडासारखा धरतो. वारा उत्तरेला जात होता, म्हणजे तराफा उत्तरेला. पाण्यातल्या माणसाचं डोकं तेवढं वर असतं, त्याला वारा काय धरणार! त्याला पाणी नेतं, आणि ती काठ नसलेली नदी दक्षिणेला वाहत होती. एकाच जागी बुडालेली माणसं दोन दिशांना चालली होती आणि क्षणाक्षणाला मधलं अंतर वाढत होतं.

जहाज दक्षिणेला गेलं, तर त्या गारठ्यातही दोघं कदाचित जिवंत हाती लागतील. कदाचितच. उत्तरेला गेलं, तर तराफा नक्की दिसेल, कारण तो भडक रंगाचा, मोठा. पण तराफा संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, एक बाजू बसतेय असं ते सांगत होते. चौघं एकीकडे आणि दोघं एकीकडे. आणि चौघांचं सापडणं जवळजवळ पक्कं.

ताईची पेन्सिल दक्षिणेला गेली. तिने चौकोनाची एक बाजू आखलीसुद्धा.   ती तसाच तो चौकोन पुरा करती, तरी तिला कुणी जाब विचारला नसता. वादळात कुणाचाही हिशेब चुकतो. तिला फटफट्याचे हात आठवले. नखांत कायम काळं ग्रीस, जेवायला बसताना आई त्याला तीन-तीनदा हात धुवायला उठवायची. मग तिला तराफ्यातला तो आवाज आठवला, ऐकू येतंय का म्हणून विचारणारा. तो कप्तान होता. त्याला चार पोरी.

तिने आखलेली रेघ खोडली. खोडताना कागद थोडा फाटला.

“उत्तर,” ती म्हणाली.

“बाई...”

“हिशेब तोच येतोय साहेब. जहाज उत्तरेला पाठवा. दुसरं आलं की ते दक्षिणेला.”

साहेबांनी खोडलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “हे मी ठरवलं. तुम्ही नाही. कुणी विचारलं तर मी ठरवलं.” आणि वायरलेसवाल्याला खूण केली.

ताईने पेन्सिलीला नवं टोक काढलं. मग दक्षिणेचा चौकोन आखायला बसली. तो प्रवाहाबरोबर दर थोड्या वेळाने सरकवावा लागत होता.

दुपार कलताना तराफा सापडला. चौघंही जिवंत होते, कप्तानाचा हात मोडला होता. खोलीत कुणी हुश्श म्हटलं नाही. पहिलं जहाज त्यांना वर घेऊन दक्षिणेला वळलं, पण वाट लांब होती. दुसरं संध्याकाळी पोचलं, उजेड असेपर्यंत दक्षिणेला शोधत राहिलं आणि त्यांना जाळीवाला सापडला. जॅकेटात मान टाकून तरंगत होता. जीव जाऊन फार वेळ झाला नव्हता, असं जहाजावरच्या डॉक्टरने कळवलं. ते वाक्य वायरलेसवाल्याने ताईला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण सांगायचं ते सगळं सांगायचं, ही त्याची सवय. फटफट्या जाळीवाल्याजवळ नव्हता.

घरी जाणं भाग होतं. बातमी तिच्या आधी पोचली होती. स्वयंपाकघरात आई स्टुलावर बसली होती आणि भावजय ओट्याला टेकून उभी. शेजारणी ताईला पाहून एकेक करत बाहेर पडल्या.

“जहाज आधी कुठे गेलं?” आईने विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. साहेबांनी करून दिली होती. ताई म्हणाली, “तराफ्याकडे.”

“तो तराफ्यात नव्हता, हे माहीत होतं?”

“हो.”

“कुणी सांगितलं तिकडे जायला?”

“मी.”

आईने हात उगारला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तिने समोरच्या पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, “चौघांच्या आया आज जेवतील.” त्यानंतर ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

पुढचे दिवस ताई चौकोन आखत राहिली. चौकोन मोठे होत गेले आणि दक्षिणेला सरकत गेले, भूशिराला वळसा घालून खोल पाण्याकडे. शेवटी एका सकाळी साहेबांनी तिच्या समोर खुर्ची घेतली आणि नुसते बसून राहिले. काय विचारायचं आहे, हे तिला कळलं. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तिने कितीतरी आधी सांगितलं असतं.

“थांबवा,” ती म्हणाली.

त्या दिवशी भावजयेने तिला अंगणात गाठलं. दोरीवरचे कपडे काढता काढता तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “वन्सं, आता कुठे असतील ते?”

बोलू नये असं ताईला वाटलं. पण ती विचारत होती, आणि याचं उत्तर जगात एकच माणूस देऊ शकत होतं. “भूशिरापाशी किनारा सुटतो. तिथून पाणी खोल समुद्रात वळतं. पुढे त्याचा एक मोठा फेरा असतो, अख्ख्या महासागराला. गरम मुलखाकडे जातं, पलीकडच्या किनाऱ्याला लागतं, वर चढतं, गार होतं.”

“आणि मग?”

“मग काही वर्षांनी फिरून इकडे येतं.”

भावजयेचे हात दोरीवरच थांबले. “म्हणजे परत येतं?”

“पाणी येतं गं,” ताई म्हणाली.

भावजयेने फटफट्याचा शर्ट दोरीवरून काढला, घडी घातली, परत उलगडला आणि पुन्हा दोरीवर टाकला.

हात गळ्यात बांधलेला कप्तान एके दिवशी भेटायला आला. उंबऱ्यावर चपला काढून बराच वेळ उभा राहिला. आईने त्याला पाणी दिलं. घोटभर पिऊन तो ताईकडे वळला. चांगलं काहीतरी सांगावं, एवढ्याचसाठी आला होता बिचारा. “जाळीवाला फार घाबरला होता. पोहता येत होतं, पण घाबरला. दोर तुटला तेव्हा आम्ही जवळच होतो, ऐकू येत होतं सगळं. तुमचा भाऊ त्याला धरून ओरडत होता, रडतोस काय लेका, माझी ताई बसलीय तिकडे, ती काढते शोधून. शेवटपर्यंत तेच सांगत होता. भ्यायला नव्हता तो, ताई. एवढं तरी तुम्हाला कळावं म्हणून आलो.”

 कप्तानालाच आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. पाण्याचा पेला कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी भावजयेने पुढे होऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला.

त्या घरात राहणं मग भावजयेला जमेना. तिच्या माहेराजवळच्या गावात एका कापडाच्या दुकानात काम होतं. तिने सामान बांधलं. एका पिशवीत मावलं सगळं. ताई ती पिशवी घेऊन थांब्यापर्यंत गेली. बस उशिरा येणार होती. दोघी कठड्यावर बसल्या, मध्ये पिशवी.

“मी तुमच्यावर रागावले नाही वन्सं,” भावजय म्हणाली. “तुमच्या जागी मी असते तर त्यांच्याकडे जहाज पाठवलं असतं आणि चार घरं बुडवली असती. तुम्ही बरोबर केलंत. सगळे तेच म्हणतात.”

“तू काय म्हणतेस?”

तिने पिशवीची गाठ पुन्हा आवळली. “मी म्हणते, तुम्ही बरोबर केलंत. पण तुमचं तोंड दिसलं ना, की मला तो नकाशा दिसतो. मी तरी काय करू?”

“काही करू नकोस. जा तू.”

बस आली. चढताना भावजय तिच्या पाया पडायला वाकली, पण ताईने तिला मधेच धरलं. दोघी क्षणभर तशाच अवघडून उभ्या राहिल्या. मागच्या माणसाने “चला, चला” म्हटलं आणि ती आत गेली. खिडकीची जागा मिळाली होती, पण तिने बाहेर पाहिलं नाही.

ताई घरी आली तेव्हा आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“गेली?”

“गेली.”

“तू कधी जाणार?”

“मी कुठे जाऊ, आई?”

आईने कूस बदलली नाही. “मग दार लाव,” ती म्हणाली. “गारठा येतोय.”